जात्यावरची ओवी आणि पॅरिसचा करारनामा

सांस्कृतिक वैविध्याच्या रक्षणासाठी राष्ट्राराष्ट्रांत झालेल्या करारांचा अभ्यास हाच माझा व्यवसाय असल्यामुळे, त्या करारांची कलमे अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावापर्यंत कशी पोहोचणार, असे लोक मला विचारतात. त्याचे अर्धे उत्तर त्या गावाच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी तेथे उपोषणास बसले, पुढे न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामाच्या अंमलातील दफ्तरे, आरक्षणाला आधार ठरणाऱ्या कुणबी नोंदींसाठी जेव्हा उघडली गेली, तेव्हा एका जुन्या नोंदीत केवढे सामर्थ्य असते, हे मराठवाड्यातील घराघराला उमगले. शिवाय ते मोडी आणि उर्दू कागद वाचण्यासाठी जाणकार हुडकावे लागले, हेही साऱ्यांनी पाहिले.

उरलेले अर्धे उत्तर करारांतच आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये पॅरिस येथे युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने जो करार १४८ विरुद्ध २ मतांनी संमत केला (विरोधी मते अमेरिका व इस्रायल यांची), त्याने ग्रंथ, गीते आणि चित्रपट हा केवळ बाजारातील माल नव्हे, हे तत्त्व मान्य करून त्यांच्या जोपासनेचा राष्ट्रांचा अधिकार प्रस्थापित केला. तो महत्त्वाचा खराच. परंतु खेड्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो त्याआधीचा, २००३ चा, अमूर्त, म्हणजे गाणी-रूढींसारख्या, वारशाचा करार, ज्यास भारताने सप्टेंबर २००५ मध्ये मान्यता दिली. ज्यांचा तो वारसा, त्यांनी स्वतः तो आपला मानला पाहिजे, ही त्याची पहिली अट. आणि आपल्या मुलखातील अशा वारशाच्या याद्या राज्यसंस्थेने तयार कराव्यात, हे बाराव्या कलमाने घातलेले बंधन. २०१७ मध्ये कुंभमेळा जागतिक यादीत गेला आणि त्याबरोबर नाशिकच्या गोदावरीकाठचा मेळाही. तीच गोदावरी पुढे अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते, पण तिच्या काठावरच्या घरांतले गाणे अशा कोणत्या सरकारी यादीत आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हे गाणे म्हणजे जात्यावरची ओवी. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने ज्वारीची वैरण, आणि दगडाच्या फेऱ्याला जुळवून घेतलेला स्वर: माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास, साऱ्यांचा उच्चार त्या एकाच लयीत. गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले, तरी लग्नघरी हळद दळताना आणि घाणा भरताना ते आजही पूजले जाते व वडीलधाऱ्या बायांच्या कंठातून ओवी निघते. हेमा राईरकर आणि गी पोतवँ या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या. ज्याचा भार सरकारने उचलायला हवा होता, ते कार्य त्यांनी आणि गाणाऱ्या स्त्रियांनी केले, याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

माझे म्हणणे असे की, वारशाच्या या याद्यांची सुरुवात दिल्लीतल्या एखाद्या अकादमीत नव्हे, तर ग्रामसभेत व्हावी: तलाठ्याच्या दप्तरात जशी सात-बाराची नोंद, तशी ग्रामपंचायतीत ओवी, भारूड, गोंधळ यांची नोंदवही असावी, आणि ती गाणाऱ्यांनीच सांगून लिहवून घ्यावी. तीत संमतीचा रकाना मात्र अवश्य हवा; कारण सासरच्या जाचाच्या काही ओव्या बाया एकमेकींपुरत्याच गातात, आणि परंपरेने ठरलेल्या अशा मर्यादांचा मान राखावा, असे २००३ च्याच कराराचे तेरावे कलम सांगते. जी बाई नको म्हणेल, तिची ओवी वहीत येता कामा नये.