वेताळ टेकडीवर काहीच सुचत नाही

लिहिता येत नाहीये असं कुणाला सांगितलं की दोनच सल्ले मिळतात. एक, रोज तीन पानं लिही, काहीही लिही. दोन, जरा निसर्गात जाऊन ये. पहिला मी महिनाभर पाळला आणि माझ्याकडे महिनाभराचं 'काहीही' जमलं. दुसरा निदान फुकट होता. मी कोथरूडला राहते, वेताळ टेकडी घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

पोटासाठी मी रोजच लिहिते. 'तुमची कार्ट तुमची वाट बघतेय' अशी नोटिफिकेशन्स लिहिणारी माणसं असतात, त्यातली मी एक. ते काम कधी अडलं नाही. अडलं होतं एकच पान. बाबांना जाऊन जूनमध्ये वर्ष होणार होतं आणि वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना द्यायला आईला छोटीशी पुस्तिका काढायची होती. काका, आत्या, बाबांचे ऑफिसातले मित्र, सगळ्यांची पानं फेब्रुवारीतच आली. माझं येईना. "घरात लिहिणारी तू एकटी," आत्या फोनवर म्हणाली. रागावून नाही म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

नोट्स ॲपमध्ये माझी अकरा सुरुवातींची फाईल होती. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, शिस्तप्रिय. कुठल्याही पेपरातल्या कुठल्याही फोटोखाली चालतील असे बाबा.

तर टेकडी. पहिले तीन आठवडे तिथे मला काहीही सुचलं नाही, हे आधी सांगून टाकते, कारण रील्समध्ये हा भाग कापलेला असतो. दम लागला, मोज्यांत कुसळं घुसली, दोनदा ऑफिसचा फोन आला. फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं होती, त्यांच्यापुढे मुलंमुली फोटो काढत होती. मीही काढला. नंतर कळलं की ते गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, वनखात्यानं टेकड्या लवकर हिरव्या करायला लावलेलं. दुसरं नाव उंदीरमारी. इतक्या सुंदर झाडाला हे नाव देणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. त्यानं झाड कसं दिसतं ते सांगितलंच नाही, काय करतं ते सांगितलं.

चालल्यानं डोकं चालतं, याला पुरावा आहे. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी प्रयोग केले होते: बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या. गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही सुचल्या. म्हणजे कल्पनाच हव्या असतील तर टेकडी चढायची तशी गरज नाही, सोसायटीची जिम पुरते. मला कल्पना नको होत्या. अकरा होत्या की.

मला उपयोगी पडले ते दुर्बीण घेऊन फिरणारे एक आजोबा. एका वाळक्या झाडाखाली मी टेकले होते, तर ते म्हणाले, "मेडशिंगी आहे ती. शेंगा बघा." वर गेल्या वर्षीच्या लांब, वाकड्या शेंगा लटकत होत्या. मेंढ्याची शिंगं, अगदी तशीच. रोज त्याच झाडाखाली बसत होते, पण नाव कळेपर्यंत ते मला 'एक झाड' होतं. आजोबांच्या खिशात छोटी वही होती, तिच्यात तारीख, वेळ, काय दिसलं, एवढंच. वाचायला मागितली तर संकोचले, म्हणाले, "यात वाचण्यासारखं काही नाही हो."

मी तशीच नोंद करायला लागले, फोनवरच. 'सालईची साल कागदासारखी सुटतेय. खाली डिंक. नखानं खरवडला, धुपाचा वास.' 'खाणीच्या पाण्यावर टिटवी, माझ्यावर ओरडली.' पुढे मेअखेरीला 'नवरंग आला. दिसला नाही, दोन सुरांची शीळ, पहाटे.' याला मी लिहिणं म्हणत नव्हते, त्यामुळे ते अडतही नव्हतं. आपल्याकडे याची मोठी परंपराही आहे म्हणा. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' 1956 चं, महिन्यामहिन्याचं काय दिसतं ते सांगणारं. मारुती चितमपल्लींची वनखात्यातली नोकरी म्हणजे आयुष्यभराचं बघणं. शाळेत यांचे धडे वाचताना मला वाटायचं, या लोकांना निसर्ग फार आवडतो. आता वाटतं, आवडण्याचा भाग नंतरचा. आधी ते फक्त नीट बघत होते.

एप्रिलमधल्या एका सकाळी नोंद करताना मधेच लिहून गेले: 'बाबा बसचं तिकीट घडी घालून घड्याळाच्या पट्ट्यात खोचायचे.' तिथे ना बस होती ना घड्याळ. समोर सालई होती, तिच्या सालीची एक पातळ घडी सुटून आली होती, बस. मग खाली लिहिलं: 'बुटाच्या नाडीला दोन गाठी.' 'आंबा कापायचे नाहीत, पिळायचे, आणि कोय माझ्याकडे द्यायचे.' 'चिडले की नळ दुरुस्त करायला घ्यायचे, चांगला चालणारासुद्धा.' मी कट्ट्यावर बसून रडले. आजोबा लांबूनच वळून दुसऱ्या वाटेनं गेले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मेच्या मध्यापर्यंत अशा चाळीसेक ओळी झाल्या. त्यातल्या एकवीस ठेवल्या, क्रम लावला नाही. टेकडीनं माझ्यासाठी काही केलं असं म्हणवत नाही. मी कोण, माझं काय अडलंय, याच्याशी तिथे कुणालाच देणंघेणं नव्हतं. तेवढी मोकळीक मला घरात मिळत नव्हती, कारण घरात प्रत्येक जण माझ्या पानाची वाट बघत होता. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा प्रस्ताव आहे, लोक विरोध करतायत, त्या बातम्या मी आता शेवटपर्यंत वाचते. आधी हेडलाईन वाचून पुढे जायचे.

पान आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, "यात प्रेमळ वगैरे कुठेच नाही गं." मी काही बोलले नाही. ती पुन्हा वर गेली, तिकिटाच्या ओळीपाशी बोट ठेवलं.

"घड्याळ एचएमटीचं होतं. लिही ते."