आंझी, मुक्काम पोस्ट मखाचकला

एकीकडे कॉकेशसचे डोंगर, दुसरीकडे कॅस्पियन समुद्र, आणि त्या चिंचोळ्या पट्टीत दागेस्तानची राजधानी मखाचकला. डोंगरातल्या दर दोन-चार गावांनंतर भाषा बदलणारा हा मुलूख पिवळ्या जर्सीतल्या आंझीसाठी मात्र एका सुरात ओरडायचा. सोव्हिएत संघ मोडला त्याच वर्षी, १९९१ साली, हा फुटबॉल क्लब जन्मला.

आंझी स्वभावाने हट्टी. प्रशिक्षक गाजी गाजियेव यांनी त्याला वर आणलं आणि २००० साली रशियाच्या अव्वल श्रेणीत पहिल्यांदाच उतरून तो थेट चौथा आला. तिसरा क्रमांक शेवटच्या फेरीत तोर्पेदो मॉस्कोविरुद्धच्या एका पेनल्टीने हिरावला. पुढच्या वर्षी रशियन चषकाच्या अंतिम सामन्यात लोकोमोतिव्हने त्याला हरवलं, तेही पेनल्टी शूटआऊटवर. त्याच वर्षी यूएफा चषकात ग्लासगोच्या रेंजर्सशी गाठ पडली. शेजारी चेचन्यात युद्ध पेटलेलं, रेंजर्स मखाचकलाला यायला तयार नव्हते. शेवटी वॉर्सात एकच सामना झाला आणि आंझी ०-१ हरला. युरोपातला पहिला सामना, आणि घरच्या अंगणात खेळायची सोय नाही. माझ्या मते त्याच्या नशिबातली खरी गाठ हीच.

जग त्याला ओळखतं ते २०११ नंतरचा श्रीमंत म्हणून. दागेस्तानातच जन्मलेल्या अब्जाधीश सुलेमान केरिमोव्ह यांनी त्याला हाती घेतलं. रॉबेर्तो कार्लोस आला, सॅम्युएल एटो आला, हॉलंडचे गूस हिडिंक प्रशिक्षक झाले, विलियन आला. पण हे खेळाडू राहायचे, सराव करायचे मॉस्कोकडे; सामन्यापुरते विमानाने मखाचकलाला उतरायचे आणि परत जायचे. युरोपीय सामने तर यूएफाने दागेस्तानात होऊच दिले नाहीत. २०१३ साली तो लीगमध्ये तिसरा आला, चषकाच्या अंतिम फेरीत सीएसकेएकडून पुन्हा शूटआऊटवरच हरला. एवढी उंची त्याने पूर्वी गाठली नव्हती, आणि एवढा परकाही तो पूर्वी कधी झाला नव्हता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केरिमोव्ह यांनी खर्चाला कात्री लावली. काही आठवड्यांत एटो आणि विलियन दोघेही चेल्सीत गेले. पडझड सावरायला पुन्हा बोलावलं ते गाजियेवनाच! मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. पण संघच उरला नव्हता. तो मोसम आंझीने तळाला संपवला.

पुढे एकदा वर येणं, पुन्हा घसरणं. २०१८ साली तर पेर्मचा आमकार बुडाला म्हणून त्याची अव्वल श्रेणीतली जागा वाचली. त्यानंतर तिसरी श्रेणी, आणि २०२२ साली परवानाच न मिळाल्याने सगळा कारभार आटोपला.

एटोच्या पगाराचे किस्से लोक अजून चवीने सांगतात. त्यात आंझी फारसा नसतोच. तो २००० सालच्या त्या संघात होता, ज्याला घर होतं, गाजियेव होते, आणि एका पेनल्टीने हुकलेलं पदक होतं. मखाचकलाशेजारच्या कास्पिस्कमधल्या आंझी अरेनात आता दिनामो मखाचकला खेळतो. २०२४ साली तोही अव्वल श्रेणीत पोहोचला, आणि त्याचे घरचे सामने घरीच होतात.