आधी त्याला बंद होऊ दे

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते आहे. त्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत बिऱ्हाड अलिबागला हललं. पण कुलाब्याची उपकरणं लगोलग उतरवली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू राहिल्या, त्यांचा मेळ बसला आणि मगच कुलाब्याचं काम थांबलं.

अलिबागच्या वेधशाळेचा डेटा आज इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यातून ‘एबीजी’ या खुणेने मिळतो. मिनिटाला एक ओळ, म्हणजे दिवसाच्या १४४० ओळी. अलिबागेतच घरून काम करणारा एक प्रोग्रॅमर विद्यार्थ्यांना त्याचे आलेख काढून देतो. झिप फाईल उतरवली की एक्सेलमधला मॅक्रो सेव्हन-झिपला कामाला लावतो, आतली फाईल बाहेर येते, मॅक्रो ती वाचतो. ऐकायला सरळ आहे. गोम आहे ती ‘येते’ आणि ‘वाचतो’ यांच्या मधे.

एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएमधली ‘शेल’ ही आज्ञा बाहेरचा प्रोग्रॅम सुरू करून देते, त्याचा क्रमांक हातात ठेवते आणि पुढच्या ओळीवर निघून जाते. तिकडे सेव्हन-झिप अजून लिहितोच आहे आणि इकडे वाचन सुरू! कधी फाईलच सापडत नाही. ते एका परीने बरं, निदान चूक दिसते तरी. वाईट म्हणजे फाईल सापडते, पण दुपारपर्यंतचीच. वेधशाळेकडूनच एखादी नोंद आलेली नसेल तर त्या जागी ९९९९९ असा आकडा लिहिलेला असतो. घाईने वाचलेल्या फाईलवर अशी कुठलीच खूण नसते. आलेख मात्र देखणा येतो.

यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे मधे पाच सेकंदांचा थांबा टाकणे. नव्या लॅपटॉपवर तो चालतो. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर अँटीव्हायरस जागा झाला की पाचाचे पंधरा होतात. हा इलाज नव्हे, अंदाज आहे.

सरळ वाट अशी, की ज्याला सुरू केलं त्यालाच विचारावं. ‘डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट शेल’मधल्या ‘रन’ला तिसरा पर्याय ‘ट्रू’ दिला की बाहेरचा प्रोग्रॅम संपेपर्यंत मॅक्रो थांबतो. तेवढा वेळ एक्सेल गोठल्यासारखं दिसतं आणि समोरचा माणूस घाबरून बटणं दाबत सुटतो, हा त्याचा तोटा. डॉटनेटमध्ये ‘एक्झिटेड’ ही घटना ऐकता येते: आपला प्रोग्रॅम आपलं काम करत राहतो आणि बाहेरचा बंद झाला की ठरवलेला कोड चालतो. त्यासाठी ‘एनेबलरेझिंगइव्हेंट्स’ चालू करावं लागतं. ते राहिलं तर घटना येतच नाही आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

बंद झाला हे कळलं, पण कसा बंद झाला? जाताना प्रत्येक प्रोग्रॅम एक आकडा ठेवून जातो. सेव्हन-झिपचा ० म्हणजे सगळं ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे काम फसलं, २५५ म्हणजे कुणीतरी मधेच थांबवलं. युनिक्समध्ये तर मेलेल्या प्रोग्रॅमची नोंद, सुरू करणाऱ्याने हा आकडा विचारेपर्यंत यादीत तशीच राहते; तिला झोंबी म्हणतात. एवढी सोय असून कित्येक मॅक्रोंत हा आकडा कुणी वाचतच नाही, याचं नवल वाटतं.

काही प्रोग्रॅम तर चक्क फसवतात. क्रोम आधीच उघडं असेल, तर नवं सुरू केलेलं क्रोम पत्ता जुन्याच्या हवाली करून तत्क्षणी बंद होतं. खिडकी समोर उघडी आणि मॅक्रोच्या लेखी काम आटोपलेलं. तिथे प्रोग्रॅमवर नजर ठेवून उपयोग नाही, तयार होणाऱ्या फाईलवर ठेवावी लागते.

याच्या उलटही होतं, थांबण्यानेच काम अडतं. सेव्हन-झिपला फाईल डिस्कवर न लिहिता थेट पाइपमधून द्यायला सांगितलं आणि पायथनमध्ये आधी ‘वेट’, मग वाचन असा क्रम ठेवला, तर लिनक्सवर गाडी अडते. पाइपमध्ये एरवी ६५,५३६ बाइट मावतात आणि एका दिवसाची फाईल असते लाखभर बाइटची. पाइप भरल्यावर सेव्हन-झिप ती रिकामी होण्याची वाट बघतो, पायथन तो बंद होण्याची. दोघंही जागचे हलत नाहीत. ‘कम्युनिकेट’ वापरलं की वाचन आणि थांबणं बरोबरीने होतं आणि ही कोंडी टळते.

अलिबागचा हा प्रोग्रॅमर आता आकडा ० आला तरी ओळी मोजतो; १४४० भरल्या नाहीत तर आलेख काढत नाही. ज्यांच्या मॅक्रोत ‘शेल’खाली पाच सेकंदांचा थांबा अजून आहे, त्यांनी तो आजच काढून टाकावा.