राहनाळची छपरे आणि बास्केटबॉलची मैदाने

अंजूरफाट्याजवळचे राहनाळ हे गाव आज गोदामांमुळे ओळखले जाते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवण्याच्या सोयीने भिवंडीच्या आसपास गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात गेली; गोदामे मात्र राहिली, आणि वाढली. राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात आपल्या समाजातील अनेक पेढ्यांचे गाळे आहेत. कापड, कागद, औषधे, रसायने, सारे काही येथे छपराखाली सुरक्षित असते. पावसाचा एक थेंबही मालावर पडू नये, याची काळजी प्रत्येक व्यापारी घेतो.

याच कुटुंबांतील मुले-मुली महाविद्यालयाच्या संघातून बास्केटबॉल खेळू लागली की त्यांचा प्रवास कशेळीचा खाडीपूल ओलांडून ठाण्याकडे आणि तेथून मध्य रेल्वेने मुंबईकडे सुरू होतो. भिवंडीतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि या खेळाची जुनी ठाणी मुंबई शहरात आहेत.

पहिले ठाणे माटुंगा. येथे इंडियन जिमखाना आणि डॉन बॉस्को ही दोन केंद्रे एकमेकांपासून फार दूर नाहीत. डॉन बॉस्कोच्या सॅव्हियो चषक स्पर्धेला देशभरातून संघ येत असत. दुसरे ठाणे भायखळ्याजवळचे नागपाडा. तेथील ‘नेबरहूड हाऊस’ क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी समाजसेवेसाठी उभारले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये तेथेच सुरू झाली. त्याच दाट वस्तीने भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुन्तसिर यांच्यासारखे खेळाडू दिले. माटुंग्यात शाळा व जिमखान्याची शिस्त आहे, तर नागपाड्यात मोहल्ल्याची आपुलकी. तिसरे ठिकाण वरळीचा एनएससीआय डोम. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे अमेरिकी व्यावसायिक संघ तेथे दोन सामने खेळले. वास्तू भव्य आहे, परंतु ती समारंभाची जागा. रोजच्या सरावाची नव्हे.

मुंबईतील बहुतेक जुनी कोर्टे उघड्यावरची आणि सिमेंटची. वस्तुतः हा खेळ जन्मला तोच छपराखाली. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून तो रचला. आपल्याकडे तो अंगणात आला आणि ऋतूंच्या स्वाधीन झाला. महाविद्यालयीन वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्याच वेळी पाऊसही. दुपारी ऊन तापते, म्हणून सराव सायंकाळी, दिव्यांच्या उजेडात होतो.

येथेच जैन घरातील खेळाडूपुढे प्रश्न उभा राहतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. चौविहार पाळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सामन्यापूर्वी घाईने जेवावे लागते, अन्यथा खेळून थकलेल्या शरीराने पाण्याविना रात्र काढावी लागते. चातुर्मासात तर नियम अधिक दृढ असतात. त्यात मुलीला परतायला रात्र होणार असेल, तर आई-वडिलांचा जीव टांगणीला लागतो. अखेर व्रत आणि खेळ यांत निवड होते आणि बहुधा खेळच सुटतो. दोष व्रताचा नाही, खेळाचाही नाही. दिवसा सावलीत खेळता येईल अशी जागा जवळ नाही, एवढेच त्याचे कारण.

अमेरिकेतील ‘अटलांटिक टेन’ ही महाविद्यालयीन संघटना पहिल्या मानाची नव्हे, मधल्या फळीची. तिच्यातील दोन क्रीडागृहे पाहण्यासारखी आहेत. न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाचे रोझ हिल क्रीडागृह १९२५ चे. आसने सुमारे ३,२०० आणि आजही तेथे सामने होतात. डेटन विद्यापीठाचे क्रीडागृह १९६९ चे. आसने १३,००० हून अधिक. डेटनची लोकसंख्या दीड लाखाच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या भिवंडी शहराची ७ लाखांवर होती. ही दोन्ही विद्यापीठे कॅथलिक परंपरेतील आहेत. एक क्रीडागृह लहान व जुने, दुसरे विशाल. पण दोन्ही बाहेरच्या हवामानाची पर्वा न करता खेळाडूला आपली वेळ ठरवू देतात. आसनांच्या आकड्यापेक्षा हा गुण मोठा.

असा गुण मिळवण्यास भव्य वास्तू लागत नाही. आंतरराष्ट्रीय मापाचे कोर्ट २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. चारी बाजूंस दोन-दोन मीटर मोकळी जागा धरली तर सुमारे ६,५०० चौरस फूट होतात, आणि वर किमान सात मीटर उंची हवी. मध्ये खांब नसलेल्या नव्या धाटणीच्या मोठ्या गोदामात हे माप सहज बसते. जमीन गुळगुळीत पण न घसरणारी हवी, हवा खेळती हवी, आणि दुपारचे तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणारे व्यवस्थापन हवे.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला तो शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या दानातून. दृष्टी गमावलेल्या मातोश्रींना घड्याळाचे टोले ऐकून सूर्यास्तापूर्वी भोजन घेता यावे, अशी त्यामागची कथा सांगितली जाते. त्या घड्याळाचा उपयोग पुढे साऱ्या शहराला झाला. धर्मशाळा, पांजरपोळ, ग्रंथालये उभारणाऱ्या समाजाला दानाची ही रीत नवी नाही. मालासाठी राहनाळमध्ये इतकी छपरे उभी राहिली. त्यांतील एक विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले, तर कोणाही मुलाला किंवा मुलीला व्रत की खेळ असे विचारण्याची वेळ येणार नाही.