खिडकीपलीकडचा माणूस

घाटंजीहून एसटीने अमरावती गाठायची म्हणजे आधी यवतमाळ, तिथे गाडी बदलून नेर, मग बडनेरा आणि त्यानंतर अमरावती. पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस कचेरीची वेळ टळायच्या आत विद्यापीठात पोचला तर पोचला, अशी ही वाट. हे वर्णन एवढ्याचसाठी केले, की आमच्या गावच्या मुलांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे काय, हे त्यावाचून कळायचे नाही.

तसे पाहिले तर अमरावती जवळच म्हणायची. आमचा यवतमाळ जिल्हा आधी नागपूर विद्यापीठात होता. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि आम्ही तिकडे गेलो. २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. या विद्यापीठाशी संलग्न अशा घाटंजीतल्या एका महाविद्यालयात मी १९९१ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि २०२३ साली निवृत्त झालो. बत्तीस वर्षे मी एका खिडकीच्या आत बसलो आणि विद्यार्थी त्या खिडकीच्या बाहेर उभे राहिले.

सुरुवातीच्या काळात आमची सारी यंत्रसामग्री म्हणजे एक टंकलेखन यंत्र, एक सायक्लोस्टाइल आणि कधी चालू, कधी बंद असा एक टेलिफोन. परीक्षेचे अर्ज हाताने भरायचे, त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि कुणाच्या तरी हाती तो अमरावतीला धाडायचा. निकाल लागला की गुणपत्रिकांचे बाड येई. एखाद्याच्या नावात चूक असली की पुन्हा अर्ज, पुन्हा गठ्ठा, पुन्हा एसटी. वेळ फार लागे, हे खरे. पण विद्यार्थ्याला काय करायचे ते ठाऊक असे. त्याने फक्त खिडकीशी यायचे आणि "बाबूजी" म्हणून हाक मारायची. पुढचे बाबूजी पाहून घेत.

मग कार्यालयात पहिला संगणक आला. आम्ही त्याला हार घातला, नारळ फोडला आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून एक सुरेख आच्छादन शिवून घेतले. हे आच्छादन इतके सुरेख होते, की ते काढायला कोणी धजेना! पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि त्याचा एम. एस. सी. आय. टी. हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. सरकारी नोकरीला त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, तसे आम्हीही शिकायला बसलो. माझ्या शेजारच्या यंत्रावर बारावीची एक मुलगी होती. माझे बोट अक्षर शोधीत फिरायचे आणि ती हळूच म्हणायची, "काका, खालच्या ओळीत आहे." आमच्या गावात संगणकाच्या बाबतीत दुसऱ्याला केलेली मदत मी पहिल्यांदा पाहिली ती ही, आणि ती विद्यार्थिनीने केलेली होती.

ही गोष्ट मोठमोठ्या विद्यापीठांतही अशीच घडली आहे बरे का. अमेरिकेतली एम. आय. टी. ही संस्था वाचकांना नावाने परिचित असेलच. तिथे १९६९ सालापासून विद्यार्थ्यांचेच एक मंडळ आहे. संगणकापाशी अडलेल्या सोबत्याला हात द्यायचा, हे त्याच्या कामांपैकी एक. योगायोग असा, की १९८३ च्या ज्या मे महिन्यात आमचे अमरावती विद्यापीठ जन्माला आले, त्याच महिन्यात एम. आय. टी. ने 'अथेना' नावाचा प्रकल्प हाती घेतला. सगळ्या विद्यार्थ्यांना संस्थेच्या आवारात कुठूनही संगणक वापरता यावा, हा त्याचा हेतू. पण ते लोक नुसती यंत्रे मांडून थांबले नाहीत. यंत्रापाशी अडलेल्या मुलाने तिथूनच प्रश्न टंकित करावा आणि दुसरीकडे बसलेल्या सल्लागाराने त्याला उत्तर द्यावे, अशी सोय त्यांनी केली. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली, म्हणजे तेच तेच पुन्हा सांगायला नको. यंत्राबरोबर माणूस नेमावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्याकडे यंत्रे आली, तीही झपाट्याने. निकाल संकेतस्थळावर दिसू लागले. २०१० पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेमुळे लहान गावातल्या महाविद्यालयांनाही हजारो पुस्तके आणि नियतकालिके संगणकावर वाचता येऊ लागली. २०१५ साली डिजिलॉकर आले, २०१७ नंतर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर गेले, २०२१ पासून श्रेयांकांची बँकदेखील निघाली. यातली एकेक सोय मोलाची आहे. गुणपत्रिका पुरात वाहून गेली किंवा उंदरांनी कुरतडली, असे रडत येणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, तेव्हा मला यंत्रांचा राग असण्याचे कारण नाही. पण प्रत्येक सोयीबरोबर एक नवा परवलीचा शब्द आला आणि तो विसरला तर कुठे जायचे, हा प्रश्नही आला. अमरावतीचे अंतर मिटले आणि त्याच्या जागी दुसरेच एक अंतर उभे राहिले.

एक उदाहरण सांगतो. पारव्याच्या बाजूच्या एका कोलाम पोडावरची एक मुलगी आमच्याकडे पहिल्या वर्षाला होती. तिच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली, सगळे रकाने बरोबर भरले आणि शेवटी पडद्यावर आले, की तुमच्या मोबाइलवर अंक पाठवले आहेत, ते इथे लिहा. ती हातातल्या फोनकडे पाहत बसली. अंक काही येईनात. मी विचारले, "पोरी, आधारला नंबर कोणता दिला होता?"

"बाबूजी, तो नंबर आमच्या बाबाचा होता. त्यायचं सिम तं कवाचंच बंद पडलं."

बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. आता ते अंक कुठल्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजत होते, देव जाणे! यात कुणाचा दोष काढायचा? बापाच्या फोनमध्ये पैसे भरायला नव्हते, हाच काय तो दोष. उपाय होता. आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यायचा, नवा नंबर नोंदवायचा, तो नोंदला जाईपर्यंत थांबायचे, मग बँकेत जाऊन खाते आधारला जोडून घ्यायचे आणि मगच पुन्हा अर्जापाशी यायचे. पण हे तिला सांगणार कोण? पडद्यावर एवढेच येत होते, की अंक चुकीचे आहेत. दिवस कापूस वेचणीचे होते. शिष्यवृत्ती नाही तर कॉलेज नाही, असे वडिलांनी साफ सांगितले होते. मी तिला ही सारी पावले एका कागदावर क्रमाने लिहून दिली, आणि तिच्याच वर्गातल्या, फोनमध्ये वाकबगार असलेल्या एका मुलीला तिच्याबरोबर धाडले. मुदत संपायला एक दिवस उरला असताना अर्ज गेला. पुढे ती बी. ए. झाली.

२०२० साली तर सगळ्यांचीच कसोटी लागली. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्यावाचून पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला दिला. वर्गात जमायची सोय नव्हती, म्हणून परीक्षा फोनवर आली. त्या दिवसांत आमच्या कार्यालयाचा फोन क्षणभर खाली ठेवता येत नसे. कुणी शेतातल्या मचाणावर चढून रेंज शोधत होता, कुणाच्या फोनची बॅटरी संपत आली होती, कुणी थोरल्या भावाचा फोन तासाभरासाठी मागून आणला होता. निम्म्या मुलांना माझ्याकडून काही माहिती नकोच होती. "घाबरू नको, उत्तरे जपून राहिली असतील, पुन्हा आत जा," एवढे शब्द जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचे होते.

त्या सुमारास मी दोनशे पानी एक वही घातली. कोणती अडचण, किती जणांना, उपाय काय, असे तीन रकाने. वर्षभरात ध्यानात आले, की प्रश्न शेकडो वाटत असले तरी मुळात ते वीस-बावीसच आहेत. तेच फिरून फिरून येतात. निवृत्त होताना मी किल्ल्यांबरोबर ती वहीही सोपवली.

आता प्रश्नाला आपोआप उत्तर देणारी यंत्रेही आली आहेत. येऊ द्या. पण ज्याला आपले अडले कुठे हेच उमगत नाही, तो यंत्राला विचारणार तरी काय? म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली ही योजना. तिच्यातली दोन मुले प्रत्येक महाविद्यालयात एका टेबलापाशी रोज दोन तास बसवावीत. बाग झाडायला जसे पैसे देतो, तसे अडलेल्याला अर्ज समजावून सांगायलाही द्यावेत. टेबलावर एक वही असावी आणि दर महिन्याला तिची नक्कल विद्यापीठाकडे जावी. एकच अडचण तीस जणांना येत असेल, तर दुरुस्ती त्या तिसांची नव्हे, अर्जाची करायला हवी.

या टेबलाला वातानुकूलित खोली लागत नाही की मोठा निधी लागत नाही. लागते ती एक खुर्ची, आणि तिच्यावर बसून "काय अडलं रे?" असे विचारणारा कुणीतरी.