सोळा आण्यांचा संभव

सातवीच्या गणितात संभाव्यतेचा पाठ येतो, तेव्हा शून्य म्हणजे अशक्य, एक म्हणजे निश्चित, आणि या दोन टोकांच्या दरम्यान जे जे अनिश्चित ते सारे दशांश अपूर्णांकांनी मोजावयाचे, एवढे सांगून बहुतेक शिक्षक मोकळे होतात. परंतु धारवाडच्या ज्या जुन्या मराठी घरांतून अद्याप ‘सोळा आणे खरे’, म्हणजे पुऱ्या रुपयाइतके खरे, असे म्हटले जाते, तेथील मुलाला निश्चिततेचे माप नव्याने शिकविण्याचे वस्तुतः प्रयोजन नसते. मुंबई इलाख्याच्या अमदानीत पिकाची आणेवारी, म्हणजे सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आले याचा अंदाज, दप्तरी लागे आणि तिच्यावरून शेतसाऱ्याची सूट-तहकुबी ठरे. आणेवारी ही पिकाच्या वाट्याची, संभवाची नव्हे, हा भेद गणितज्ञाने अवश्य करावा. मृगाच्या तोंडावर आभाळ न्याहाळून ‘बारा आणे पाऊस येणार’ म्हणणारा शेतकरी तो करीत बसत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सहा महिन्यांच्या आत सरकारही पालटले आणि अपूर्णांकही.

चौकाबारा या कवड्यांच्या खेळाचा पट मात्र पालटला नाही. कवड्या चार. चारही उताण्या पडल्या तर चौका, चारही पालथ्या पडल्या तर बारा (नाव बारा, घरे आठच, हा या खेळाचा जुना विनोद), एरवी जितक्या उताण्या तितकी घरे. प्रत्येक कवडीच्या दोन गती, म्हणून चौघींच्या मिळून सोळा. त्यांपैकी चौक्याची एक, तिनाच्या चार, दोनाच्या सहा, एकाच्या चार, बाराची एक. निश्चिततेचा अख्खा रुपया एक, चार, सहा, चार, एक अशा आण्यांत वाटला जातो, आणि वहीत तोच ०.०६२५, ०.२५, ०.३७५ अशा रुक्ष वेषात उतरतो! चारांतून दोन निवडण्याचे प्रकार सहाच का, याचा सर्वसाधारण नियम पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या द्यूतविषयक पत्रव्यवहारापूर्वी आठ शतके महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त सांगितला होता, आणि ज्या राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी सांगितला त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, याच कर्नाटकात आहे, पाठ्यपुस्तकाने याला एक ओळ दिली असती तर कागद फार लागला नसता.

गंमत पुढेच आहे. नाण्यांच्या सरकारी कोष्टकात आण्याचे सहा, चार आण्यांचे पंचवीस आणि सहा आण्यांचे सदतीस नवे पैसे धरीत, कारण अर्धा किंवा त्याहून कमी पैसा सोडून देण्याचा दंडक होता. त्या हिशेबाने आपला पट मांडला तर बेरीज नव्व्याण्णव भरते. निश्चिततेतला एक पैसा गेला कोठे, हे विचारणाऱ्या मुलाला आसन्न किंमत म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

हे सारे अर्थात कवडीच्या दोन्ही बाजू समबल मानल्या तरच. नाण्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खपून जाते. कवडीला एका अंगी फुगीर पाठ आणि दुसऱ्या अंगी दातेरी चीर, तेव्हा तिचा कल ०.५ च असेल याची हमी कोणी द्यावी? तेथे सूत्र थांबते आणि फेकणे सुरू होते: शंभर वेळा फेकावे, उताणी किती वेळा पडली ते मांडावे, शंभराने भागावे, आणि दुसरी कवडी घेऊन पुन्हा शंभर वेळा फेकावे, कारण तिची पाठ पहिलीसारखी नसते.