वद्दु आणि नको

आमच्या नातीच्या गुणसूत्रांच्या एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र अधिक आहे, हे पॅरिसच्या जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधामुळे आज कोणताही डॉक्टर रक्ततपासणीवरून लिहून देऊ शकतो. परंतु ती बोलेल केव्हा, याचा दाखला कोणत्याच कचेरीत मिळत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातील आम्हां पद्मशाली कुटुंबांची रीत अशी की, घरात तेलुगू, शाळेत नि बाजारात मराठी, आणि शेजार कानडी असेल तर तीही कानावर पडायची. नात तीन वर्षांची होऊनही मोजकेच शब्द उच्चारीत असे, तेव्हा एका जाणकार म्हणविणाऱ्या गृहस्थांनी फर्मान काढले की, घरातील तेलुगू तत्काळ बंद करावी. त्याची अंमलबजावणी करावयाची तर आमच्या मंडळींना, ज्यांची मराठी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतीच, नातीसमोर मौनव्रत धरावे लागले असते. सबब त्यांनी ते फर्मान दप्तरदाखल केले. ते योग्यच झाले, कारण अशा मुलांचे दोन भाषांनी नुकसान होत असल्याचे कॅनडातील संशोधकांना २००५ सालच्या अभ्यासात आढळले नव्हते.

अडचण निराळीच होती. कान तपासले तेव्हा पडद्यामागे पाणी साचलेले निघाले, आणि अशा मुलांत ते वारंवार साचते. शिवाय जिभेचे व ओठांचे स्नायू शिथिल, त्यामुळे उमज पुढे आणि उच्चार मागे. ‘तात’ म्हणून मला हाक मारण्याच्या कितीतरी आधी, चष्मा आण म्हटले की ती नेमका माझाच आणून देई, आणि तहान लागली की अंगठा ओठांशी नेई. ती खूण आम्ही मोडली नाही, उलट तिच्याबरोबर शब्द उच्चारीत राहिलो.

ऐकलेले चटकन निसटते, पाहिलेले टिकते, हे ध्यानी घेऊन पोर्ट्समथच्या सू बक्ली यांनी अशा मुलांना वाचनातून बोलते करण्याचा पुरस्कार केला. आम्हीही माठावर, कपाटावर ठळक अक्षरांच्या चिठ्ठ्या डकविल्या. ‘माठ’मधला ठ अजून तिच्या तोंडी ‘त’च होतो.

भाषांची वाटणी मात्र तिने परस्पर करून टाकली आहे: आजीने औषधाची बाटली काढली की ‘वद्दु’, आणि अंगणवाडीच्या बाईंनी उपम्याची वाटी पुढे केली की ‘नको’.